वाटाण्याच्या वाफ्यातील धर्मगुरू : फादर ग्रेगोर मेंडेल

ऑस्ट्रियन साम्राज्यातील सायलेशिया प्रांतात हाइन्झेनडॉर्फ नावाचे एक लहानसे खेडे होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. जुलै १८२२ मध्ये तेथील एका शेतकरी कुटुंबात अनुवंशशास्त्राच्या जनकाचा जन्म झाला. बाप्तिस्म्यात त्यांचे नाव योहान ठेवण्यात आले. १८३८ मध्ये जमीनदाराच्या वेठीच्या कामावर असताना अंगावर ओंडका कोसळून वडील जायबंदी झाले आणि घरची घडी विस्कटली. धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतील वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला मामाने हातभार लावला.

१८४३ मध्ये योहान यांनी ब्रनो येथील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला आणि ग्रेगोर हे नाव धारण केले. पोटापाण्याची विवंचना हेही त्यामागील एक कारण होते, हे त्यांनी स्वतः लपविले नाही. देवाचे पाचारण अशा वाटेनेही येते. ६ ऑगस्ट १८४७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मात्र आजारी व मरणासन्न माणसांच्या भेटीने त्यांचे कोमल मन इतके व्याकूळ होई की मठाधिपती सिरिल नॅप यांनी त्यांना त्या सेवेतून मुक्त केले व शिक्षकाचे काम दिले. शिक्षकाच्या परीक्षेत ते १८५० मध्ये अनुत्तीर्ण झाले. नॅप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले, तरी १८५६ चा दुसरा प्रयत्नही आजारपणामुळे अर्धवट राहिला. जगाला अनुवंशशास्त्र देणारा हा माणूस शाळेत अखेरपर्यंत बदली शिक्षकच राहिला!

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी चौतीस जाती पारखून घेतल्या होत्या. वाटाण्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून फादर मेंडेल कळी उमलण्यापूर्वीच उघडत, चिमट्याने पुंकेसर काढून टाकत, दुसऱ्या रोपाचे पराग लावत आणि फुलावर पिशवी बांधत. हे काम आठ वर्षे चालले. सुमारे २८,००० रोपे त्यांच्या हाताखालून गेली.

गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला असता पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल आले. सुरकुती नष्ट झाली असे कोणालाही वाटले असते. पुढच्या पिढीत मात्र ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. यावरून त्यांनी ताडले की प्रत्येक गुणधर्माचे दोन घटक असतात. आईकडून एक व वडिलांकडून एक असे ते मिळतात, एकमेकांत मिसळून जात नाहीत, आणि अप्रभावी घटक लपून राहिला तरी पुढे अबाधित पोहोचतो. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो.

दाणा सुरकुततो तरी का? याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. स्टार्च घडविणाऱ्या एका जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा परका तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे स्टार्च नीट तयार होत नाही, साखर साचते, दाणा जास्त पाणी शोषतो आणि वाळताना आक्रसतो. जनुकातील अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात.

माणसात कधी कधी एकच अक्षर बदलले तरी पुरते. सिकलसेल हा रक्ताचा आजार असाच आहे. आपल्या पालघर, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांना तो चांगलाच परिचित आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी म्हणून दुसरे सुटले, असे नसते. वाहकांना सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे रक्ततपासणीवाचून ते कळत नाही. लग्न ठरविताना पत्रिकेपेक्षा ही तपासणी अधिक मोलाची आहे. तरीही अशा घरात दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो, किंवा कोणाचे पाप भोवले याची चर्चा होते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला तेच विचारले होते, आणि प्रभूने तो तर्कच नाकारला होता.

फेब्रुवारी व मार्च १८६५ मध्ये फादर मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपले निष्कर्ष दोन व्याख्यानांत मांडले. पुढच्या वर्षी ते छापून आले. दखल जवळजवळ कोणीच घेतली नाही. म्युनिकचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, पण त्यांनाही त्याचे मर्म उमगले नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. त्यानंतर कारभार, मधमाश्या, हवामानाच्या नोंदी आणि मठावरील कराविरुद्ध सरकारशी चाललेला प्रदीर्घ झगडा यांत आयुष्य सरले. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना देवाज्ञा झाली. अंत्यविधीच्या मिस्सेत संगीताची धुरा लिओश यानाचेक या तरुण संगीतकाराने सांभाळली. १९०० साली द फ्रीस, कोरेन्स व चेर्माक यांच्या संशोधनातून तेच नियम पुन्हा पुढे आले, तेव्हा कुठे या मठवासी धर्मगुरूचे नाव जगाला कळले.

त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २०२१ मध्ये ऑगस्टिनियन संघाच्या संमतीने ब्रनो येथील त्यांची कबर उघडण्यात आली आणि अस्थींतील डीएनए वाचण्यात आला. हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांशी संबंध असलेले काही बदल फादर मेंडेल यांच्या स्वतःच्या जनुकांतही आढळले.