एर्विन चारगाफ : चार बेसांचा हिशेब

बी.एस्सी.च्या वर्गात मी एक प्रश्न दरवर्षी घालतो. एका विषाणूच्या जनुकीय द्रव्यात ॲडेनिन 24, थायमिन 31, ग्वानिन 23 आणि सायटोसिन 22 टक्के आहे. हे द्रव्य कोणत्या प्रकारचे? उत्तर बहुतेकांना येते, आणि त्याखाली 'चारगाफच्या नियमावरून' असा शेराही असतो. पण हे चारगाफ कोण, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

एर्विन चारगाफ यांचा जन्म 11 ऑगस्ट 1905 रोजी चेर्नोविट्झ येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, पुढे रुमानियात गेले आणि आज युक्रेनमध्ये आहे. गाव जागच्या जागी राहते आणि मुलूख बदलतो, हे सीमाभागातल्या आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. पहिले महायुद्ध सुरू होताच कुटुंब व्हिएन्नाला आले. तिथे 1928 साली त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. नंतर काही वर्षे अमेरिकेत येल येथे आणि मग बर्लिनला काढली. ते ज्यू होते. 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडावे लागले. पॅरिसमार्गे ते 1935 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. व्हिएन्नात मागे राहिलेल्या आईला नाझींनी नेले. ती परत आली नाही.

1944 साली ॲव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डी.एन.ए. हेच आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. चारगाफ यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि प्रयोगशाळा न्यूक्लिइक आम्लांकडे वळवली. तोपर्यंत लेव्हीन यांच्या मताचा पगडा होता : चारही बेस सारख्याच प्रमाणात असतात. तसे असेल तर त्या रेणूत लिहिण्यासारखे काहीच उरत नाही. चारगाफ यांनी आम्लाने रेणू फोडला, गाळणकागदावर बेस वेगळे केले, त्यांचे डाग कापून द्रावणात उतरवले आणि अतिनील किरण किती शोषले जातात यावरून प्रत्येकाचे प्रमाण मोजले. काम किचकट, आणि नमुना मोहरीच्या दाण्याहूनही कमी! 1950 साली निष्कर्ष मांडला गेला : प्रमाण जातीजातीनुसार बदलते, पण ॲडेनिन थायमिनइतके आणि ग्वानिन सायटोसिनइतके असते. माणसात ॲडेनिन सुमारे 30 टक्के, तर क्षयाच्या जंतूत जेमतेम 17.

विषाणूंच्या बाबतीत हा हिशेब फार कामाला येतो. थायमिन सापडले तर डी.एन.ए., त्याऐवजी युरॅसिल सापडले तर आर.एन.ए. मग जोड्या पाहायच्या. वरच्या प्रश्नातले आकडे फाय एक्स 174 या जिवाणुभक्षक विषाणूचे आहेत. ॲडेनिन आणि थायमिन जुळत नाहीत, म्हणजे डी.एन.ए. एकपदरी. सिन्शायमर यांनी 1959 साली हे दाखवले. उलट रिओव्हायरसच्या आर.एन.ए.मध्ये जोड्या जुळल्या आणि 1963 साली तो दुपदरी ठरला. मात्र विद्यार्थी इथे घाई करतात. जोड्या जुळल्या नाहीत तर एकपदरी, हे पक्के. जुळल्या तर दुपदरी, ही फक्त शक्यता. कोविडच्या विषाणूत ॲडेनिन सुमारे 30 आणि युरॅसिल 32 टक्के आहे, तरी तो एकपदरीच. लांब पदरात एकट्यानेही असा जवळपास मेळ बसतो, हे 1968 साली एका जिवाणूच्या डी.एन.ए.चे पदर वेगळे करून दाखवणाऱ्यांत स्वतः चारगाफच होते.

मे 1952 मध्ये केंब्रिजला त्यांची वॉटसन आणि क्रिक यांच्याशी भेट झाली. बेसांची रसायनेही नीट ठाऊक नसलेल्या या दोघांविषयी त्यांचे मत वाईट झाले. वर्षभरात त्याच दोघांनी दुहेरी सर्पिल मांडले, आणि त्यात चारगाफ यांच्या जोड्या नेमक्या बसल्या. 1962 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचे नाव नव्हते. ही सल त्यांच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसते. ती मला क्षुद्र वाटत नाही. मोजणाऱ्याचे नाव मागे पडणे आपल्याकडेही नवे नाही. पण जोडी समान असते एवढे हाती आल्यावर ती समोरासमोर बांधलेली असेल ही पुढची पायरी त्यांनी घेतली नाही, हेही खरे.

1974 साली ते निवृत्त झाले. 1978 साली त्यांचे आत्मकथन निघाले. जनुकांशी खेळ करणाऱ्या नव्या विज्ञानावर त्यांनी कठोर टीका केली. 20 जून 2002 रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते वारले.