मायकेल फॅरडे आणि तांबडें सोनें

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मायकेल फॅरडे हें नांव विजेच्या यंत्रांमुळें ठाऊक असेल. शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत लोहचुंबक, तारेचें वेटोळें आणि त्यांत उत्पन्न होणारा विद्युत्प्रवाह यांच्या शेजारींच तें छापलेलें असतें. त्या शोधाविषयीं आम्ही येथें थोडकेंच लिहिणार आहों. त्यांच्या उतारवयांतील एका निराळ्या उद्योगाची हकीकत आम्हांस सांगावयाची आहे. त्यांना स्वतःला तो उद्योग अपुरा वाटला. परंतु कर्करोगाच्या गांठी प्रकाशानें तापवून नाहींशा करूं पाहणारे आजचे वैद्य त्याच वाटेनें चालले आहेत.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथें झाला. बाप जेम्स लोहारकाम करी. परंतु त्याची प्रकृति धड नसे, कामाचे खाडे फार होत आणि घरांत नेहमीं ओढाताण असे. लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब एवढेंच शिक्षण मुलाच्या वाट्यास आलें. १८०४ सालीं तो ब्लॅंडफर्ड स्ट्रीटवरील रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला, आणि पुढील वर्षीं तेथेंच पुस्तकबांधणीच्या धंद्यांत सात वर्षांची उमेदवारी पत्करली. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूं लागला. विश्वकोशांतील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट या बाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक यांनीं त्याला वेड लावलें. रीबो हा भला मनुष्य असला पाहिजे. शिवावयास दिलेलें पुस्तक वाचीत बसणाऱ्या पोराला दुसऱ्या एखाद्या मालकानें दुकानाबाहेर काढलें असतें.

१८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें व्याख्यानांचीं टिपणें घेतलीं, तीं स्वच्छ लिहून काढलीं, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानें बांधलीं आणि डेव्हींकडे पाठविलीं. १८१३ च्या मार्चमध्यें त्याला त्या संस्थेच्या रसायनशाळेंत मदतनिसाची जागा मिळाली. त्याच वर्षीं डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासास गेला. तेथें डेव्हींच्या पत्नीनें त्याला चाकरासारखें वागविलें. तें त्याला फार लागलें. परंतु तो परतला तो मोठमोठ्या शास्त्रज्ञांना भेटून व त्यांचें काम डोळ्यांनीं पाहून.

पुढील तीस वर्षांची कीर्ति सर्वविश्रुत आहे. १८२१ मध्यें विजेच्या व चुंबकाच्या योगानें तार फिरती ठेवण्याचा प्रयोग, १८२५ मध्यें बेंझीनचा शोध, २९ ऑगस्ट १८३१ रोजीं विद्युत्प्रवर्तनाचा शोध, आणि १८४५ मध्यें चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो याचा पुरावा. या शेवटच्या शोधानें त्यांच्या मनांत एक प्रश्न घर करून राहिला. प्रकाश आणि जड वस्तु यांची गांठ पडते तेव्हां नेमकें काय घडतें?

मध्यंतरीं शरीर थकलें होतें. १८४० च्या सुमारास त्यांना भोंवळ येऊं लागली, स्मरण दगा देऊं लागलें, आणि कांहीं काळ काम सोडून त्यांना स्वित्झर्लंडांत विश्रांति घ्यावी लागली. तें स्मरण पुन्हा कधीं पूर्ववत् झालें नाहीं. प्रयोगांच्या वहींत प्रत्येक नोंदीला क्रमांक घालण्याची संवय आधींपासून होती, तिचा आतां मोठा आधार झाला.

अशा स्थितींत, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, म्हणजे १८५६ च्या आरंभीं, त्यांनीं सोनें हातीं घेतलें. सोनेंच कां? कारण ठोकून ठोकून तें इतकें पातळ होतें कीं दुसरा कोणताही धातु सहसा होत नाहीं. मिठाईवरचा वर्ख आमच्या मुलांनीं पाहिलेलाच आहे. फॅरडे यांच्या हातांतील सोन्याचे वर्ख असे होते कीं सुमारें २,८०,००० एकावर एक ठेवावे तेव्हां एक इंच भरावा. म्हणजे प्रकाशाच्या एका लहरीच्या लांबीहून वर्खाची जाडी पुष्कळच कमी. असा वर्ख कांचेवर पसरून उजेडासमोर धरला तर पिवळें सोनें पलीकडून हिरवें दिसतें. त्यांनीं तो तापविला, तेव्हां हिरवेपणा गेला. दाबला, तेव्हां परत आला. सोनें तेंच, वजन तेंच, आणि रंग मात्र निराळा.

मग त्यांनीं सोन्याच्या क्षाराचें अगदीं पातळ पाणी घेतलें आणि कार्बन डायसल्फाइडमध्यें विरघळविलेला फॉस्फरस त्यांत मिसळला. पाणी माणकासारखें लाल झालें. डोळ्यांस तें निव्वळ रंगीत पाणी वाटे, आंत गाळ म्हणून दिसत नसे. परंतु भिंगानें उन्हाचा झोत त्यांत सोडतांच झोताची वाट उजळून दिसूं लागली, जशी अंधाऱ्या खोलींतील कवडशांत धूळ दिसते. यावरून फॅरडे यांनीं ताडलें कीं येथें सोनें विरघळलेलें नसून धातुरूपानेंच अतिसूक्ष्म कणांत तरंगत आहे. चिमूटभर मीठ टाकलें कीं लाल पाणी निळें होई. पण आधीं थोडें जिलेटिन घातलेलें असलें तर मिठाचें कांहीं चालत नसे. कणांचा आकार व जमाव बदलला कीं रंग बदलतो, ही गोष्ट तेथें प्रथम नीट मांडली गेली.

५ फेब्रुवारी १८५७ रोजीं रॉयल सोसायटीपुढें त्यांनीं हें काम वाचून दाखविलें. प्रकाश आणि वस्तु यांच्या मूळ व्यवहाराचें जें उत्तर त्यांना हवें होतें तें हातीं आलें नव्हतें, आणि तें त्यांनीं लपविलें नाहीं. एक सबंध वर्ष, तेंही स्मरण ओसरत असतांना, एका तांबड्या पाण्यापायीं घालविणें शहाणपणाचें होतें काय? त्या काळीं कोणी असें विचारलें असतें तर आम्हांसही उत्तर देतां आलें नसतें.

त्यांनीं सरदारकीचा मान नाकारला आणि रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही नाकारलें. मुलांसाठीं नाताळांत व्याख्यानें देणें मात्र त्यांना फार आवडे. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें नव्हे, तर हायगेटच्या दफनभूमींत त्यांचें साधें थडगें आहे.

तांबड्या सोन्याची कथा पुढें इतरांनीं चालविली. १९०८ सालीं गुस्टाव्ह मी या जर्मन पदार्थवैज्ञानिकानें त्या रंगांचें गणित मांडलें. सोन्याच्या कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलूं लागतात. ज्या रंगाशीं ताल जुळतो तो प्रकाश कण गिळून टाकतो, आणि गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते. हा ताल कणाच्या घडणीप्रमाणें बदलतां येतो. अमेरिकेंत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांत नेओमी हालास यांनीं सिलिकाच्या गोळीवर सोन्याचें पातळ कवच चढविलें, आणि तो ताल डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाशीं जुळविला. ही निवड मोठी मार्मिक होती. कारण दिसणाऱ्या प्रकाशापेक्षां तो प्रकाश मांसांतून अधिक खोल जातो. गांठींतील रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून रक्तांत सोडलेले कण तेथें सांठतात. मग त्या जागीं लेसरचा झोत टाकला कीं कणांभोंवतालचें मांस तापून मरतें, आणि शेजारचें शाबूत राहूं शकतें. २००३ सालीं उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. २०१९ सालीं प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असलेल्या १६ पुरुषांवरील पहिल्या प्रयोगांचा वृत्तांत आला. त्यांपैकीं १५ जणांत ही क्रिया ठरल्याप्रमाणें पार पडली. ते कण सुमारें १५० नॅनोमीटर व्यासाचे होते. एका मिलिमीटरांत असे साडेसहा हजारांहून अधिक कण ओळीनें मावतील.

सोळा ही संख्या लहान आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. ज्यांच्या घरीं हा रोग आहे त्यांनीं सोन्याच्या नांवावर विकल्या जाणाऱ्या कोणत्याही औषधाशीं या प्रयोगाची गल्लत करूं नये. येथें सोनें औषध म्हणून गुण देत नाहीं, तें केवळ प्रकाश झेलून तापतें.

फॅरडे यांनीं भरलेल्या कांहीं बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी सोन्याचे कण त्यांतील पाण्यांत तरंगतच आहेत.