लक्ष्मीबाई टिळक व ख्रिस्ती संसार

महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांतील पुष्कळ घरांत कर्ता पुरुष पोटासाठी मुंबईस राहतो, आणि पत्नी मुलाबाळांसह गावी संसार राखते. पूर्वी गिरण्या होत्या, आता दुसरी कामे आहेत. ताटातूट मात्र तीच. अशा घरांतील बंधुभगिनींनी लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या चरित्राचे अवश्य मनन करावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरी सोवळ्याओवळ्याचा अंमल फार कडक असे. १८८० साली, अगदी बालवयात, नारायण वामन टिळक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. टिळक आपल्या कोकणचेच. कशेडी घाटापलीकडील रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे ते जन्मले. ते कवी व उदार होते, परंतु तापटही होते. घरी न सांगता निघून जावे, हाती असेल ते देऊन टाकावे, असा त्यांचा स्वभाव. ह्याची झळ पत्नीस सोसावी लागे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पतिपत्नी दुरावली. लहानग्या दत्तूस घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयास राहिल्या. नवख्रिस्ती मनुष्यास सोबत्याने टाकल्यास विवाह मोडून घेण्याची मुभा १८६६ च्या कायद्याने दिली होती. टिळकांनी ती वाट धरिली नाही. पत्रे, भेटी व प्रार्थना ह्यांनी त्यांनी तो धागा जपला.

येथे मार्टिन लूथर ह्यांच्या शिकवणीचे स्मरण होते. लूथर पूर्वी मठवासी होते, व १५२५ साली त्यांनी मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. त्यांच्या मते विवाह हा तारण मिळविण्याचा विधी नव्हे. तो देवाने ह्या जगासाठी नेमिलेला क्रम होय. म्हणून मुलाची दुपटी धुणे हेही, विश्वासाने केल्यास, देवाचीच सेवा ठरते. सोबती विश्वासात नसला तरी तो राहण्यास राजी असता त्यास टाकू नये, ही पौलाची शिकवणही त्यांनी उचलून धरिली.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांजवर बळजबरी केली नाही. हळूहळू जातिभेद देवाने केला नाही अशी त्यांची खातरी झाली, आणि १९०० साली राहुरी येथे त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. मग अनाथ मुलांसाठी त्यांचे दार उघडे झाले. घरात भांडणे झाली नाहीत असे नाही. परंतु भांडणाने घर मोडले नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूकडे गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ज्या स्त्रीस त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती, तिनेच ते पुरे केले. संसाराची सारी हकीकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात, स्वतःचे व पतीचे दोष न झाकता, हसतमुखाने लिहून ठेविली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

प्रिय वाचकहो, विवाहाचे वचन देवासमोर दिलेले असते. मुंबईतील पतीने केवळ पैसे धाडून ते फिटत नाही, व गावच्या पत्नीने मनात अढी धरून ते टिकत नाही. ह्या आठवड्यात घरी चार शब्द प्रेमाने बोला, आणि दूर असलेल्या सोबत्याचे नाव घेऊन मुलांसह प्रार्थना करा.