ऊतींच्या प्राणवायूचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ : ऑगस्ट क्रोग

नवी दिल्ली, १५ नोव्हेंबर : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आज घरोघरी आढळतो. मात्र हे उपकरण रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सांगते. तो ऊतींपर्यंत किती पोहोचला, हे त्यातून कळत नाही. या दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाला भिडणारे डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांची आज जयंती.

क्रोग यांचा जन्म १८७४ मध्ये डेन्मार्कमधील ग्रेनो या बंदराच्या गावी एका जहाजबांधणी व्यावसायिकाच्या घरी झाला. कोपनहेगन विद्यापीठात ते ख्रिश्चन बोर यांचे साहाय्यक झाले. फुप्फुसे ग्रंथीप्रमाणे स्वतःहून ऑक्सिजन रक्तात ढकलतात, असे बोर यांचे मत होते. क्रोग यांनी मात्र या प्रश्नाचा निवाडा मोजमापावर सोपवला. रक्ताच्या सान्निध्यात एक इवलासा हवेचा बुडबुडा ठेवून त्यातील वायूंचे विश्लेषण करणारे उपकरण त्यांनी घडवले. धमनीतील रक्तामधला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसांतील हवेपेक्षा नेहमी कमीच भरला. याचा अर्थ, ऑक्सिजन केवळ विसरणाने, म्हणजे अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहत रक्तात शिरतो. पत्नी मारी यांच्यासह केलेले हे संशोधन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. गुरूच्या मताविरुद्ध उभे राहण्याची किंमतही होती. दोघांच्या संबंधांत दुरावा आला.

त्यानंतर क्रोग स्नायूंकडे वळले. श्रम करणाऱ्या स्नायूची ऑक्सिजनची गरज अनेक पटींनी वाढते. ती भागते कशी? त्यांनी बेडूक व गिनीपिग यांच्या रक्तप्रवाहात शाई सोडून सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या मोजल्या. विश्रांतीच्या वेळी त्यांपैकी थोड्याच उघड्या असतात आणि श्रम सुरू होताच बंद असलेल्या उघडतात, असे दिसून आले. त्यामुळे ऑक्सिजनला ऊतीत कापावे लागणारे अंतर घटते. गणितज्ञ एर्लांग यांच्या साहाय्याने त्यांनी केशवाहिनीभोवतीच्या ऊतीतील ऑक्सिजनच्या दाबाचे सूत्र १९१९ मध्ये मांडले. १९२० चे नोबेल पारितोषिक या कार्यासाठीच त्यांना मिळाले.

मारी स्वतः वैद्यक होत्या आणि त्यांना मधुमेह जडला होता. १९२२ मध्ये हे दांपत्य अमेरिकेला गेले असता टोरांटोत सापडलेल्या इन्शुलिनची वार्ता मारी यांच्या कानी आली व त्यांनी तेथे जाण्याचा आग्रह धरला. स्कँडिनेव्हियात इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन क्रोग परतले आणि डॉ. हागेडॉर्न यांच्यासह त्यांनी उत्पादन सुरू केले. त्यातून १९२३ मध्ये नॉर्डिस्क इन्शुलिन प्रयोगशाळा उभी राहिली. त्या काळी मधुमेह हा बहुधा मृत्यूचाच निरोप असे. मारी मात्र १९४३ पर्यंत जगल्या.

क्रोग यांचे निधन १३ सप्टेंबर १९४९ रोजी कोपनहेगन येथे झाले. पुढे प्लॅटिनमच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडने जिवंत ऊतीतील ऑक्सिजन थेट मोजता येऊ लागला. त्या आकड्यांचा अर्थ लावताना संशोधक आजही क्रोग यांच्या सूत्राचा आधार घेतात. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असूनही एखादा अवयव गुदमरू शकतो, ही जाणीव अतिदक्षता विभागात आजही मोलाची ठरते.