टाइप सापडत नाही? मग रसेलला भेटाच!

उद्या प्रॅक्टिकल आहे. तुम्ही तासगावात कॉलेजच्या लॅबमध्ये बसलाय. टाइपस्क्रिप्टचं शेल उघडलं, एक ओळ टाकली, एंटर मारलं आणि उत्तर काय आलं? हा टाइप मला माहीत नाही! शेजारचा मित्र सांगतो, टाइपच्या जागी ‘एनी’ लिही, गप्प बसेल. थांबा. आधी एका माणसाला भेटा. ही टाइपची भानगड त्यानंच सुरू केली.

बर्ट्रांड रसेल. जन्म १८ मे १८७२, वेल्समध्ये. चार वर्षांचा व्हायच्या आतच आई-वडील दोघंही गेले. आजीच्या कडक शिस्तीत वाढला. अकराव्या वर्षी थोरल्या भावानं युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली. पोरगं जाम खूश! पण सुरुवातीची गृहीतकं सिद्ध न करताच मानायची, हे त्याला पटेना. पुढे केंब्रिजला शिकल्यावर त्यानं चंगच बांधला, सगळं गणित तर्कशास्त्राच्या पक्क्या पायावर उभं करायचं.

१९०१ मध्ये त्या पायातच भेग सापडली. ती बघायला आपल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चला. तिथं मालाच्या याद्या असतात. समजा, मालक म्हणाले की ज्या याद्यांमध्ये स्वतःचंच नाव नाही, अशा सगळ्या याद्यांची एक यादी कर. आता या नव्या यादीत तिचं स्वतःचं नाव घालायचं का? घातलं तर नियम मोडतो. नाही घातलं, तर नियमानुसार घालावंच लागतं. डोकं गरगरलं ना? रसेलचंही गरगरलं.

जून १९०२ मध्ये त्यानं ही अडचण जर्मनीतले तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांना पत्रानं कळवली. फ्रेगेंच्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता आणि भेग नेमकी त्यांच्याच पायाखाली होती. फ्रेगेंनी आठवड्याभरात उत्तर पाठवून चूक मान्य केली. पुस्तकाला परिशिष्ट जोडून वाचकांनाही ती सांगितली.

उपाय शोधण्यात रसेलची कित्येक वर्षं गेली. १९०८ मध्ये त्यानं टाइपांचा सिद्धांत सविस्तर मांडला. साध्या भाषेत सांगायचं तर बेदाणा एका पायरीवर, बेदाण्याचा बॉक्स त्याच्या वरच्या आणि बॉक्सांची यादी आणखी वरच्या. यादीत बसायचं ते फक्त खालच्या पायरीवरच्यांनी. यादी स्वतःच स्वतःत बसू शकत नाही. कोडं संपलं!

मग व्हाइटहेड यांच्याबरोबर त्यानं ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’चे तीन खंड लिहिले, १९१० ते १९१३. एक अधिक एक दोन, इथवर यायलाच साडेतीनशेहून जास्त पानं लागली! छपाईत तोटा होणार म्हणून दोघांनी खिशातून प्रत्येकी ५० पौंड घातले.

पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून रसेलची कॉलेजातली नोकरी गेली, १९१८ मध्ये तुरुंगवासही झाला. तिथंही पठ्ठ्यानं गणिताच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं. १९५० मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी आंदोलनासाठी तो पुन्हा तुरुंगात गेला. २ फेब्रुवारी १९७० रोजी तो वारला, ९७ वर्षांचा होऊन.

१९४० मध्ये अलोन्झो चर्च यांनी टाइपांची सुटसुटीत मांडणी केली. पुढे ही कल्पना प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये मुरली. म्हणून तुमचं शेल आजही विचारतं, ही वस्तू कुठल्या प्रकारची ते आधी सांग.

तर आता सांगा. स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं तपासा. शेल बंद करून पुन्हा उघडलंय का? मग आधी टाइप केलेल्या व्याख्या गेल्या, त्या परत द्या. टाइप दुसऱ्या फाईलमध्ये असेल तर ती इंपोर्ट केलीय का? काही लायब्ररींच्या टाइपच्या व्याख्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, ते इन्स्टॉल केलंय का? बहुतेक वेळा गाडी यातल्याच एका जागी अडते.

आणि ते ‘एनी’? ते लिहिलं की शेल गप्प बसतं, पण चूक तिथंच राहते आणि नंतर, बहुधा परीक्षकांसमोरच, डोकं वर काढते. चूक झाकायची सोय फ्रेगेंनाही होती. त्यांनी ती छापून टाकली, म्हणून पुढचं गणित उभं राहिलं.