गोल अंड्याला डोकं कुठे करायचं हे कसं कळतं? – हिल्डे मांगोल्ड



मागच्या पावसाळ्यात अमडापूरला शाळेजवळच्या डबक्यात बेडकाची अंडी दिसली. पोरांनी थोडी बरणीत आणून ठेवली. काही दिवसांत डोकं-शेपटी दिसू लागली. चौथीतल्या एका मुलीने विचारले, की गोल अंड्याला डोकं कुठे करायचं हे सांगतं कोण? मला उत्तर आलं नाही. डी.एड.ला हे शिकलोच नव्हतो. मग वाचत गेलो आणि हिल्डे मांगोल्ड यांची ओळख झाली.

हिल्डे यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1898 रोजी जर्मनीतील गोथा या गावी झाला. माहेरचे आडनाव प्रोशोल्ट. येना आणि नंतर फ्रँकफुर्ट येथे त्या शिकल्या. फ्रँकफुर्टला त्यांनी हान्स श्पेमान या प्राणिशास्त्रज्ञांचे व्याख्यान ऐकले आणि गर्भाची वाढ हाच आपला विषय, हे ठरवून टाकले. 1920 मध्ये त्या फ्रायबुर्गला श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तिथेच काम करणाऱ्या ओटो मांगोल्ड यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

सरांनी आधी त्यांना वेगळाच विषय दिला होता. हायड्रा हा इवलासा पाण्यातला जीव मोज्यासारखा उलटा करून बघायचा! खूप प्रयत्न करूनही ते जमेना. मग विषय बदलला.

नवा प्रयोग न्यूट या प्राण्यावर होता. न्यूट म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण मोठा झाल्यावरही शेपटी राहणारा. त्याचा गर्भ सुरुवातीला पेशींचा गोळा असतो. पुढे त्यावर एक खाच पडते. या खाचेच्या वरच्या काठाचा बारीक तुकडा काढायचा आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवायचा, असा हा प्रयोग. हत्यारं काय, तर काचेची बारीक सुई आणि केसाचा फास. प्रतिजैविकं अजून आली नव्हती, त्यामुळे बहुतेक गर्भ मरून जात. अंडीही फक्त वसंत ऋतूत मिळत. शेकडो प्रयत्नांतून मोजकेच गर्भ जगले.

पण जे जगले त्यांनी उत्तर दिलं. त्यांच्या पोटाकडे दुसराच गर्भ तयार झाला होता, पाठ आणि मज्जारज्जूची सुरुवात असलेला. आता खरी गंमत बघा. तुकडा फिकट जातीचा होता आणि ज्याला लावला तो गर्भ गडद जातीचा. दुसऱ्या गर्भाचा बराचसा भाग गडद पेशींचाच निघाला! म्हणजे तुकड्याने सगळं स्वतः बांधलं नव्हतं. त्याने शेजारच्या पेशींना कामाला लावलं होतं. पोटाची कातडी होणाऱ्या पेशी मज्जारज्जू झाल्या. या तुकड्याला संघटक असे नाव मिळाले.

वर्गात हे असं करून दाखवता येतं. परिपाठाला एक मुलगा हात वर करून उभा राहतो आणि बाकीची पोरं त्याच्याकडे, शेजाऱ्याकडे बघून रांग धरतात. प्रत्येकाला जागा वेगळी सांगावी लागत नाही. आता दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एकाला हात वर करून उभं करा. त्याच पोरांतून दुसरी रांग तयार होते.

पेशींना हात वर करता येत नाही, त्या रसायनांनी निरोप देतात. हे निरोप 1990 च्या दशकात सापडले. गर्भात बीएमपी नावाची प्रथिने पेशींना कातडी व्हायला सांगत असतात. संघटकातून नॉगिन, कॉर्डिन अशी प्रथिने निघतात आणि तो निरोप अडवतात. जिथे निरोप पोचत नाही, तिथे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो.

आपल्या पुण्यातही लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भातील अशाच संघटक भागावर काम केले. आणि जो हायड्रा हिल्डे यांना जमला नाही, त्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत संशोधन झाले आहे.

हिल्डे यांना 1923 मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुलगा झाला. 1924 मध्ये निबंध छापून आला. प्रबंध हिल्डे यांचा, पण पहिले नाव श्पेमान यांचे. हे त्यांना रुचले नव्हते, अशी आठवण त्यांच्या एका सहाध्यायाने नोंदवली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरात शेगडीचा भडका उडून त्या गंभीर भाजल्या आणि गेल्या. वय अवघे 25. तान्हे बाळ मागे राहिले. 1935 मध्ये संघटकाच्या शोधाबद्दल श्पेमान यांना एकट्यांना नोबेल मिळाले. मरणोत्तर नोबेल देत नाहीत.

कल्पना श्पेमान यांच्या अनेक वर्षांच्या कामातून आली होती, हेही खरंच. पण सुई धरणारे हात हिल्डे यांचे होते.

यंदा विज्ञान प्रदर्शनात तक्त्यावर नावं लिहिताना मी पोरांना आधी विचारणार आहे, की कापलं कोणी, चिकटवलं कोणी, रोज पाणी बदललं कोणी. आणि त्या चौथीतल्या, आता पाचवीत गेलेल्या मुलीला ही गोष्ट सांगायची आहे. प्रश्न तिचा होता.