घटक ४ : बहिणाबाई चौधरी : जीवन आणि अलंकारांचे अध्यापन

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• बहिणाबाई चौधरी यांचा जीवनक्रम सांगता येईल.
• त्यांचे कष्टाचे जीवन आणि त्यांच्या कवितेतील अलंकार यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• उपमा, रूपक, व्यतिरेक व चेतनगुणोक्ती यांतील भेद, मराठी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यालाही कळेल अशा रीतीने मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, अलंकार हा विषय आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून धास्तीचा वाटत आला आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द ही नावे पाठ करायची, ठरलेले उदाहरण लिहायचे आणि परीक्षेनंतर सारे विसरायचे, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. या घटकात आपण ज्या कवयित्रीचे चरित्र अभ्यासणार आहोत, तिने ही नावे कधी वाचली नव्हती. तिला लिहिता-वाचताच येत नव्हते. तरीही मराठीतील अलंकार समजून घेण्यासाठी तिच्या कवितेइतकी जवळची वाट क्वचितच सापडेल. अलंकाराचे नाव आधी की अलंकाराचा अनुभव आधी, हा प्रश्न मनात ठेवून हे चरित्र वाचावे.

४.२ जन्म, बालपण व विवाह

बहिणाबाईंचा जन्म १८८० मध्ये नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. उखाजी महाजन हे त्यांचे वडील व भिमाई ही आई. घरात तीन भाऊ आणि तीन बहिणी होत्या. घर शेतकऱ्याचे असल्याने त्यांचे शिक्षण शेत, गोठा आणि चूल यांच्या भोवतीच झाले. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे झाले.

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटावर दळताना ओवी म्हणण्याची बायकांची परंपरा जुनी आहे आणि बहिणाबाईंची रचना याच परंपरेतून वर आली. दळण, पेरणी, कापणी, स्वयंपाक ही कामे हातांनी चालू असताना त्या मुखाने गाणे रचत. त्यांच्या उपमानांचा साठा म्हणजे रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तू होत. तवा, बीज, ढोर, पाखरू, विंचू यांपैकी काहीही त्यांना पुस्तकातून उचलावे लागले नाही.

४.३ वैधव्य व संसाराचा भार

तिशीच्या आसपास बहिणाबाईंना वैधव्य आले. मुलगे लहान होते. ओंकारला प्लेगच्या साथीमुळे कायमचे अपंगत्व आले. कुटुंबाचा व शेतीचा भार त्यांच्यावर पडला. या आघाताविषयी त्यांनी रचलेल्या गाण्यात एक प्रतिमा आहे : कपाळावरच्या कुंकवाखाली नशिबाची रेघ लपलेली असते, कुंकू पुसले गेले आणि रेघ उघडी पडली. येथे अलंकार सजावटीसाठी आलेला नाही. ते दुःख सरळ शब्दांत मांडता येत नव्हते, म्हणून प्रतिमेचा आधार घ्यावा लागला. अलंकार कशासाठी वापरतात, असे विद्यार्थ्याने विचारले तर या उदाहरणापासून उत्तर सुरू करावे.

४.४ वही आणि ग्रंथप्रकाशन

सोपानदेव शाळेत जाऊ लागले. एकदा त्यांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या कथेवर गाणे रचलेले होते. पुस्तक मुलाच्या हातात होते आणि कविता आईच्या मुखात होती. हे पाहून सोपानदेव आईची गाणी वहीत टिपून ठेवू लागले. पुढे ते स्वतः कवी म्हणून प्रसिद्ध झाले. मात्र आईची गाणी दीर्घकाळ घरच्या वहीतच राहिली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे जळगाव येथे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी तिचे मोल तत्काळ ओळखले, प्रकाशनाचा आग्रह धरला व प्रस्तावना लिहिली. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. कवयित्रीने आपले पुस्तक पाहिले नाही. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

४.५ बोली आणि ‘शुद्ध’ भाषा

बहिणाबाईंची भाषा ही लेवा गणबोली आहे. तीत प्रमाण मराठीतील ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो, म्हणजे डोळा हा डोया होतो. ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ही नियमबद्ध रूपे आहेत. त्यांना चुका म्हणणे अशास्त्रीय ठरेल.

हा मुद्दा आपल्या अध्ययनाशी थेट निगडित आहे. भुसावळजवळच्या दीपनगर येथे औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. अशा ठिकाणच्या वर्गात घरी अहिराणी, वऱ्हाडी वा हिंदी बोलणारे विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. काहींचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले असते. घरच्या बोलीतील उदाहरण तोंडावर येते आणि ते अशुद्ध ठरेल या भीतीने ओठांतच थांबते. असा विद्यार्थी पुढे फक्त पाठ केलेले उदाहरण लिहितो. त्याला अलंकार येत नाही, असा निष्कर्ष आपण काढतो; प्रत्यक्षात त्याला बोलू दिलेले नसते.

४.६ एका कवितेतून तीन अलंकार

मनावरच्या कवितेत बहिणाबाई मनाला उभ्या पिकात शिरणारे ढोर म्हणतात. कितीही हाकलले तरी ते पुन्हा पिकाकडे वळते. येथे तुलनेचा शब्द नाही, मन आणि ढोर एकच मानले आहे. हे रूपक. पुढे मनाच्या मोकाट वाटांना वाऱ्याने पाण्यावर उठणाऱ्या लाटांची जोड दिली आहे आणि ‘जशा’ हा साम्यवाचक शब्द योजला आहे. ही उपमा. आणखी पुढे मनाच्या विषापुढे साप व विंचू बरे ठरतात, कारण त्यांच्या विषावर मंत्राचा उतारा आहे. उपमेय उपमानाहून वरचढ ठरले, म्हणून हा व्यतिरेक. बीजाच्या कवितेत धरित्री बियांना आईसारखी कुशीत निजवते. निर्जीव मातीला माणसाची कृती लाभली, ही चेतनगुणोक्ती.

इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सिमिली व मेटाफर ठाऊक असतात. साम्यवाचक शब्द आहे की नाही, ही कसोटी तेथेही उपयोगी पडते. त्यामुळे त्याला नवी संकल्पना शिकवायची नसते, ओळखीच्या संकल्पनेला मराठी नाव द्यायचे असते.

अध्यापनाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :
१. वस्तू ओळखणे : पिकात शिरलेले ढोर काय करते?
२. जोडी शोधणे : तसे आणखी काय वागते?
३. वाक्य रचणे : प्रथम घरच्या भाषेत, नंतर प्रमाण मराठीत.
४. नाव देणे : अलंकाराची संज्ञा व व्याख्या.

बहुतेक वर्गांत हा क्रम उलटा चालतो. बहिणाबाईंचे आयुष्य पहिल्या तीन पायऱ्यांवर गेले. चौथी पायरी अभ्यासकांनी नंतर बांधली. म्हणून संज्ञा निरुपयोगी ठरत नाही. संज्ञेमुळे एका कवितेतले निरीक्षण दुसऱ्या कवितेत नेता येते. पण ज्याने निरीक्षणच केलेले नाही, त्याच्या हाती संज्ञेची नुसती चिठ्ठी उरते.

४.७ सारांश

निरक्षर शेतकरी स्त्रीने कष्ट, वैधव्य आणि निसर्ग यांचा अर्थ लावताना अलंकारांचा आधार घेतला. मुलाच्या वहीमुळे ती गाणी टिकली. अलंकार हा विचार करण्याचा मार्ग आहे आणि तो प्रत्येक बोलीत असतो, हे या चरित्रातून दिसते.

४.८ स्वाध्याय

१. पुढील वाक्यांतील अलंकार कारणांसह ओळखा : (अ) त्याचे बोलणे मिरचीपेक्षाही तिखट. (आ) हा मुलगा म्हणजे वारा. (इ) पहिल्या पावसात जमिनीने सुस्कारा सोडला.
२. आपल्या रोजच्या कामातील एक वस्तू निवडून घरच्या बोलीत एक उपमा व एक रूपक तयार करा. नंतर ती प्रमाण मराठीत लिहा. रूपांतरात काय हरवले, ते पाच ओळींत नोंदवा.
३. बहिणाबाईंचे जीवन व त्यांची उपमाने यांचा संबंध सोदाहरण स्पष्ट करा.